गरोदर बाई पाहिजे

भूमिकाला उजाडताच मागच्या खोलीत घातली. ती खोली भात साठवायची. नवं भात यायचं म्हणून नुकतीच सारवून ठेवलेली. खिडकी नाही, मावळतीच्या अंगाला मागच्या अंगणात उघडणारं एक पत्र्याचं दार, बस्स. सासूनं, बाईजानं, तिथं गोधडी अंथरली, उशाशी तुळशीची पानं टाकली आणि सातव्या महिन्यातल्या धाकट्या सुनेला म्हणाली, "उताणी पड, सरळ. हात वाकवायचा नाय, पाय वाकवायचा नाय. खायाचं नाय, पियाचं नाय, लघवीला उठायचं नाय. दिस बुडाला का उघडीन."

"अवो आई, आता तर कुठं उगवलाय!" भूमिका हसत म्हणाली. तिचं हसू असं कुठंही सांडायचं.

"वेध लागलंत. हसू नको."

थोरली सून संजीवनी मोरीपाशी आदेशचं तोंड धूत होती. तिला राहवलं नाही. "आई, ग्रहण संध्याकाळचं आहे. दिनदर्शिकेत पण लिहिलंय, म्हातारं माणूस, आजारी, गरोदर, यांनी दुपारनंतर पाळलं तरी चालतं."

"दिनदर्शिकेला पोरं झाली काय?" बाईजा म्हणाली. "तू पाळलं असतंस नीट, तर..."

वाक्य तिथंच सोडून तिनं नातवाच्या ओठाकडं बघितलं. दोन वर्षं हे वाक्य असंच अर्धं सुटत होतं. आदेशचा वरचा ओठ जन्मतः फाटलेला. ठाण्याला नेऊन शिवून आणला होता, आता नाकापासून खाली एक गुलाबी वण तेवढा उरला होता. टाळूचं ऑपरेशन बाकी होतं. घाईघाईनं दूध प्यायला की अजून नाकातून बाहेर यायचं, आणि दर घोटाला संजीवनीचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा.

बाईजा गोठ्याकडे वळलेली बघून तिनं तांब्या भरला आणि मागच्या दारानं आत नेला. भूमिकानं दोन घोट घेतले असतील नसतील, तोच पाठीमागून तांब्या हिसकावला गेला. पाणी सारवणावर सांडलं.

"हरेश! ए हरेश! कुलूप आण!"

हरेश, धाकटा दीर, भूमिकाचा नवरा, मोटारसायकल पुसत होता. पांढरा शर्ट, नवे बूट. गावच्या तरुण मंडळाचा तो अध्यक्ष. आज डोंबिवलीहून दुर्बिणी घेऊन हौशी आकाशवाले येणार होते, शाळेच्या मैदानात गावाला ग्रहण दाखवणार होते, आणि ते सगळं त्यानंच जमवून आणलं होतं.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा," संजीवनी म्हणाली. "तुम्हीच फलक रंगवलाय ना, ग्रहणाला घाबरू नका म्हणून?"

"वैनी, ते गावासाठी. घरात आईचं मन मोडून काय मिळतंय? एका दिवसाचा प्रश्न." त्यानं दाराला कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि पत्र्यावर बोटानं वाजवलं. "झोप काढ गो निवांत. शेतावर तरी जायला नको."

मोटारसायकल गेली.

काल लक्ष्मीपूजन झालं होतं, पाडवा उद्यावर गेला होता, आणि मधला दिवस ग्रहणानं खाल्ला होता. एरवी दिवाळीत शेतावर कोण जातं? पण दसरा उलटला तरी यंदा पावसानं पाठ सोडली नव्हती. उभं भात आडवं पडलं, काही लोंब्यांना चिखलातच मोड आले. चार दिवस उघडीप मिळाली तशी घरच्यांनी हाताला लागलं ते कापलं होतं. ते आता वाळलं होतं, आणि पुन्हा भिजायच्या आत खळ्यावर आणायचं होतं. संजीवनीचा नवरा शेखर शहापूरजवळच्या गोदामात. त्याला दिवाळीचीही सुट्टी नव्हती. राहिले सासरा विठू, बाईजा आणि ती.

विठू पेंढ्याचे बंध वळायचा, भारा आवळायचा, गुडघा देऊन गाठ मारायचा आणि संजीवनीच्या डोक्यावर चढवायचा. भाताची कुसळं मानेत शिरायची, घामानं चरचरायची. बांधावरून जाताना पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतायचे. आदेशला आंब्याच्या सावलीत बसवला होता. खळ्यावर भारा टाकला की ती आधी त्याच्याकडं बघायची, तोंडात दाणा तर नाही ना घातला, आणि मग परत फिरायची.

"ते दुर्बिणीवाले चष्मे फुकट देतात काय गो?" विठूनं विचारलं.

"बघायला देतात बाबा. परत घेतात."

"मग बघून घेऊ. आमी परातीत पाणी घेऊन शेण कालवायचो, त्यात बघायचो सूर्य. वास यायचा, पण दिसायचं चांगलं."

"जीभ आवरा," बाईजा म्हणाली. "पोटुशी बाई घरात आणि हे चष्मे लावणार."

तीही भारे वाहत होती. साठीला आलेली बाई, सकाळपासून तिनंही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. तिचं सगळं मनापासून होतं, आणि संजीवनीला त्याचाच जास्त राग यायचा. खोटारड्या माणसाशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडायचं?

"आई, त्या वर्षी मी ग्रहणात कोयता धरला, तो कुणाच्या सांगण्यावरून?" भारा खाली टाकता टाकता तिनं विचारलंच.

"आता ते कशाला?"

"तेच तर रोज निघतंय. मी सरळच पडले होते. म्हशीच्या गळ्याला दावं आवळलं, ती तडफडायला लागली, घरात आपण दोघीच. तुमीच ओरडलात, संजीवने, कोयता आण, काप. मी कापलं. म्हैस जगली. तिचं दूध घरातल्या सगळ्यांनी प्यायलं. आणि ओठ फाटला तो माझ्या हातानं?"

बाईजानं पदरानं मान पुसली. "मी काप म्हनलं. पोटुशी असताना तू कापावंस, असं नव्हतं म्हनलं."

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. जुळायचा तो तेव्हाच जुळतो. त्या ग्रहणाला तिला सातवा महिना होता. बी.ए. झालेल्या बाईला हा हिशोब दोन वर्षांत घरात एकदाही पुरा मांडता आला नव्हता. मांडायला लागलं की कुणाला तरी म्हशीला पाणी दाखवायचं असायचं.

शेवटचा भारा टाकून ती घरी परतली तेव्हा उन्हं कलली होती. ती तडक मागच्या अंगणात गेली. पत्रा हात भाजेल इतका तापला होता.

"भूमिके?"

"ताई." आवाज पार तळातून आला. "पोट घट्ट होतंय. दगडासारखं होतंय नि सुटतंय."

"बाळ हलतंय?"

"सकाळी हललं. मग... मला कळत नाय ताई. मी केवढ्या वेळची सरळच पडलेय. लघवी कोंडून कोंडून कंबर फुटायला आलीय."

बाईजा मागून आली, हातपाय धुऊन दारापाशी पाटावर बसली आणि माळ ओढायला लागली.

"आई, ऐकलंत? बाळ हलत नाय म्हणते."

"झोपलं असंल. पोट कवा कवा घट्ट व्हतंच. मला काय पोरं झाली नाय?"

"मी कुलूप तोडते."

"आज लोखंड लागलं दाराला, तर मी हितंच डोकं फोडून घेईन." तिनं हे आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त खरं वाटलं. "नवऱ्यानं लावलंय, नवरा उघडील."

संजीवनीनं हरेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिनं आदेशला कमरेवर घेतलं आणि शाळेच्या वाटेला लागली.

मैदानात जत्रा भरली होती. दुर्बिणीच्या मागच्या तोंडाला पांढरा पुठ्ठा लावला होता, त्याच्यावर सूर्य वाटीएवढा उतरला होता, आणि त्याची एक कड कुणीतरी दातानं तोडल्यासारखी गेली होती. पोरं पुठ्ठ्याभोवती ढकलाढकली करत होती. पुरुष रांगेनं काळे चष्मे लावून माना वर करत होते. विठू तिच्याआधी येऊन पहिल्या रांगेत उभाही होता.

"भाकरीला चावा मारलाय गो!" तो ओरडला. "ये, बघ!"

बायका मोजक्याच, कुंपणाशी, पदर तोंडावर घेऊन. दुर्बिणीवाल्यांपैकी, कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या रविना नावाच्या मुलीनं संजीवनीच्या हातात एक चष्मा दिला. संजीवनीनं तो आधी उजेडाकडं धरून भोक आहे का बघितलं, आदेशच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि चष्मा परत दिला.

"मला हरेशभाऊजींशी बोलायचंय. महत्त्वाचं आहे."

"ते काय, बोलतायत."

हरेश माईक धरून उभा होता. शाळेच्या कौलांवर बांधलेला कर्णा गावभर घुमत होता. "...सूर्य आणि पृथ्वीच्या मधी चंद्र आला, त्याची ही सावली! राहू नाय, केतू नाय! गरोदर बाईनं ग्रहणात खाल्लं, प्यालं, कापलं, चिरलं, तरी बाळाला कायसुदा होत नाय! ही विज्ञानाची वेळ आहे मित्रांनो!"

टाळ्या पडल्या. संजीवनी गर्दीतून पुढं सरकली. "भाऊजी!" तिनं दोनदा हाक मारली. त्यानं बघितलं, आणि हातानंच थांबा म्हणून खूण केली.

दुर्बिणीपाशी पांढऱ्या टोपीतले सुनिल सर होते, बँकेतली नोकरी सांभाळून गावोगाव आकाश दाखवत फिरणारे. माणूस चांगला होता. त्यांनी माईक घेतला. "आता एक छोटं प्रात्यक्षिक. गावात एखादी गरोदर ताई असेल तर तिनं पुढं यावं. आम्ही फळं आणलीत. ती ग्रहण चालू असताना सगळ्यांसमोर फळ कापून खाईल. मागं एका गावात एका ताईंनी केलं होतं, लोकांची भीतीच गेली. हरेशभाऊ, आहे का कुणी?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. हरेशनं माईक परत घेतला.

"सध्या गावात कोण गरोदर नाय सर."

कर्ण्यातून ते शब्द कौलांवरून, भाताच्या खाचरांवरून पार पुढं गेले. संजीवनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आजूबाजूला सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. अध्यक्ष माणूस, त्यात दिवाळी.

"अरे," सुनिल सरांचा चेहरा उतरला. "गरोदर बाई मिळाली असती तर कार्यक्रम पूर्ण झाला असता."

"सर, पण दुसरं उदाहरण आहे आपल्याकडं!" हरेशची नजर तिच्यावर पडली, म्हणजे आदेशवर पडली. "या वैनी, या पुढं. हा माझा पुतण्या. ह्याचा ओठ जन्मतः फाटलेला. लोकं काय म्हणतात? आईनं ग्रहणात कापलं म्हणून! बघा, किती अडाणीपणा! दाखवा वैनी त्याचं तोंड, अशी मान वर करा..."

रविनाचा कॅमेरा वर झाला. माणसं वाकून पोराच्या तोंडाकडं बघायला लागली. आदेशनं घाबरून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. संजीवनी चालत माईकपर्यंत गेली.

"भाऊजी, किल्ली द्या."

"कसली?" तो हसला. "वैनी, मागनं..."

"मागनं नाय, आता. भूमिकाच्या खोलीची. सकाळपासून कोंडलीय. पाणी नाय, लघवी नाय. पोटातलं हलत नाय म्हणतेय."

माईक त्याच्या हातातच होता. तो बंद करायचं त्याला सुचलं नाही, आणि कर्ण्यानं गावाला सगळं जसंच्या तसं ऐकवलं.

"भूमिका कोण?" सुनिल सरांनी विचारलं.

"त्याची बायको," विठू म्हणाला. चष्मा अजून त्याच्या डोळ्यांवर होता, तोंड सूर्याकडं होतं. "सातवा लागलाय."

हरेशनं खिशात हात घातला. "आईचं मन सर... घरात म्हातारी माणसं असतात, थोडं सांभाळून..."

संजीवनीनं किल्ली घेतली. जाता जाता वळली. "आणि ह्याचा ओठ तुमच्या भाषणात नको. बोलायचं तर घरात बोला, आईसमोर. दोन वर्षं तिथं तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाय."

तिनं आदेशला विठूच्या हातात दिला आणि पळत सुटली.

बाईजा दाराला पाठ लावून उभी राहिली होती. कर्णा तिनंही ऐकला होता. "आता? ऐन ग्रहणात उघडतेस? थोडा वेळ राहिला गो, थोडाच..."

"आई, बाजूला व्हा. नायतर मी तुमाला हात लावीन, आणि मला तो लावायचा नाय."

म्हातारी अर्धा पाऊल सरकली. तेवढं पुरलं. कुलूप निघालं, संजीवनी आत गेली, आणि तिच्यामागं बाईजाही घुसली नि उजेड पडू नये म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

आत भट्टी होती. घामाचा आणि जुन्या भाताचा वास. डोळे अंधाराला सरावले तसं दोघींनी बघितलं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. एकेका भोकातून मावळतीच्या उन्हाची एकेक काडी आत शिरली होती आणि भूमिकाच्या पोटावर, लुगड्यावर, छातीवर उजेडाच्या चकत्या पडल्या होत्या. प्रत्येक चकतीचा एक घास गेलेला. पुठ्ठ्यावर होता तसाच. डझनभर सूर्य, सगळे एकाच बाजूनं खाल्लेले.

"केव्हाच्या आहेत," भूमिका पडल्या पडल्या म्हणाली. जीभ जड झाली होती. "आधी अख्ख्या होत्या. मग एकेकीला चावा पडला. वाढत गेला. मला वाटलं माझेच डोळे फिरले."

बाईजाच्या तोंडून आवाज फुटला. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी सुनेचं पोट झाकायला गेली. चकत्या तिच्या हातांच्या पाठीवर चढल्या. हात सरकवला, तर परत पोटावर. ती झाकत राहिली, त्या चढत राहिल्या.

"आलंय ते आत, आई," संजीवनी म्हणाली. "तुम्ही दाराशी बसलात आणि ते भोकातून आलं. आता पाणी कशाला अडवताय?"

तिनं स्वयंपाकघरातून कळशीच उचलून आणली. भूमिकानं मान उचलून घटाघटा पाणी प्यायलं, अर्धं गळ्यावरून ओघळलं.

"आता कुशीवर हो. डाव्या."

"वाकडं होईल पोर," बाईजा पुटपुटली.

"होऊ दे."

तिघी थांबल्या. संजीवनीचा हात पोटावर, बाईजाचाही तिथंच राहिलेला. काही नाही. बाहेर कर्णा बंद पडला होता. रस्त्यापर्यंत नेता येईल का, गाडी कुणाची मिळेल, रिक्षा सांगावी तर आज दिवाळीत कोण येईल, असं सगळं संजीवनीच्या डोक्यातून गेलं. आणि मग बाईजानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"लाथ मारली," ती म्हणाली.

भूमिका रडायला लागली. बाईजाही रडेल असं क्षणभर वाटलं, पण तिनं पदर कसून खोचला. "काय झालं ना ह्या पोराला, तर तुझ्या डोक्यावर, संजीवने."

"ठेवा. माझ्या पोराचंपण मीच वागवतेय. त्यात हे."

तिनं भूमिकाला काखेत हात घालून उठवलं. मुंग्या आलेल्या पायांवर ती उभी राहिना. भिंतीला धरून, दाराला धरून, दोघी अंगणात आल्या. संडास अंगणाच्या टोकाला होता.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. हरेश उतरला, मागोमाग गाडीतून सुनिल सर आणि रविना. हरेशच्या हातात केळ्यांची फणी होती, दुसऱ्या हातात सुरी.

"बरी आहेस ना गो?" तो म्हणाला. "चल पटकन. दिस बुडायला थोडाच वेळ राहिलाय. सर थांबलेत. सगळ्यांसमोर एकच केळं कापायचं आणि खायचं. मैदानात लोकं अजून हायत, माझं नाव... मी सांगितलंय त्यांना, आणतो म्हणून."

सुनिल सर मागं मान खाली घालून उभे होते. "हरेशभाऊ, राहू द्या," ते म्हणाले. "ताईंना दवाखान्यात न्यायला हवं. माझी गाडी आहे."

"जाऊ ना, सर. आधी पाच मिनिटं तिकडं..."

भूमिकानं हात पुढं केला. हरेशला वाटलं ती सुरी मागतेय, त्यानं मूठ तिच्याकडं केली. तिनं फणी घेतली. एक केळं तोडलं, सोललं, तिथंच उभ्या उभ्या दोन घासांत खाल्लं. साल त्याच्या नव्या बुटांपाशी टाकली.

"हितं नाय गो, तिकडं..."

"तिकडं कुणाला नेताय?" ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "गावात तर कोण गरोदर नाय. आतमदी मला सगळं ऐकू येत व्हतं."

तिनं दुसरं केळं तोडलं, संजीवनीच्या खांद्यावर भार टाकला आणि पाय फाकवत, सावकाश, संडासाच्या वाटेला लागली.